आयत्या वेळचा विषय: एक एकर धनुष्यासाठी

प्रति,
सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील सहकारी साखर कारखान्यांचे सन्माननीय अध्यक्ष, उपाध्यक्ष आणि संचालक मंडळ यांस,



वार्षिक सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेत शेवटचा विषय ठरलेला असतो: ‘मा. अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय’. तोवर ऊसदरावर जे बोलायचं ते बोलून झालेलं असतं, माईकसाठी एकदा ओढाओढ झालेली असते आणि निम्मा मंडप जेवणाकडे वळलेला असतो. वडिलांचा शेअर माझ्या नावावर आला तेव्हापासून मी सभासद आहे. सभेला येते, मागे बसते. बायका मोजक्याच असतात, आणि माईक आमच्यापर्यंत येईस्तोवर आभार मानून होतात. म्हणून विषय लिहूनच पाठवते आहे. एकाच कारखान्याला नाही, शेंद्रे, रेठरे, यशवंतनगर, राजारामनगर, वाळवा, कुंडल, सांगली अशा सगळ्यांना. ऊस कुणाच्याही गेटवर गेला तरी पोरं आपल्याच दोन जिल्ह्यांतली.

विषय आर्चरीचा आहे. धनुर्विद्या म्हटलं की आपल्याकडे लगेच एकलव्य आणि अर्जुन निघतात आणि भाषण लांबतं, म्हणून आर्चरीच म्हणते.

५ ऑगस्ट २०२३ रोजी बर्लिनमध्ये साताऱ्याची अदिती गोपीचंद स्वामी कंपाउंड प्रकारात जगज्जेती झाली. वय १७. वरिष्ठ गटात वैयक्तिक जागतिक विजेतेपद मिळवणारी ती पहिली भारतीय तिरंदाज. उपांत्य फेरीत तिने आपल्याच देशाच्या ज्योती सुरेखा वेन्नमला हरवलं, अंतिम फेरीत मेक्सिकोच्या आंद्रेया बेसेराला १४९-१४७ असं. त्याच दिवशी नागपूरचा ओजस देवतळे पुरुषांत जगज्जेता झाला, १५० पैकी १५० गुण घेऊन. तोही साताऱ्यातच, प्रवीण सावंत यांच्या दृष्टी अकॅडमीत घडलेला. सावंत पोलीस खात्यातले. अकॅडमीचं मैदान उसाच्या रानातलं. आपल्या कृष्णाकाठी ऊस नाही असं रान शोधावं लागतं, तेव्हा यात नवल नाही. नवल एवढंच, की त्या उसाचं गाळप करणाऱ्यांपैकी कुणाच्या डोक्यात तसं मैदान काढायचं आलं नाही.

या १४९ गुणांचा अर्थ सभासद बंधूंना सांगायला हवा, कारण होर्डिंगवर तो कुणी लिहिला नव्हता. कंपाउंडचं टार्गेट ५० मीटरवर असतं. मधलं दहा गुणांचं वर्तुळ ८ सेंटीमीटरचं, चहाच्या कपाच्या तोंडाएवढं. सामन्यात १५ बाण, आणि समोरासमोरच्या अंतिम लढतीत आळीपाळीने एकेक बाण मारायला वीस सेकंद. चौदा बाण त्या वर्तुळात आणि एक जरासा बाहेर, नऊवर. समोरचीचे दोन किंवा तीन बाहेर गेले, म्हणून ती हरली. एवढ्याशा फरकावर जगज्जेतेपद ठरतं.

दुसरं नाव प्रवीण जाधव. फलटण तालुक्यातलं सरडे गाव, आईवडील मजुरी करणारे, शाळा जिल्हा परिषदेची. शाळेतल्या गुरुजींनी आधी त्याला पळायला लावलं. अंगात ताकद नव्हती, तर त्याच्या खाण्याकडेही त्यांनीच बघितलं. पुढे क्रीडा प्रबोधिनीत गेल्यावर हातात धनुष्य आलं, मग सैन्यदल. २०१९च्या जागतिक स्पर्धेत नेदरलँड्सला तरुणदीप राय आणि अतनू दास यांच्यासोबत सांघिक रौप्य. टोकियो ऑलिम्पिकच्या पात्रता फेरीत ७२ बाणांत ६५६ गुण करून भारतीय पुरुषांत तो पहिला आला, म्हणून मिश्र दुहेरीत दीपिका कुमारीसोबत उभा राहिला. तिथे कोरियापुढे हरले. एकेरीत मात्र त्याने जागतिक क्रमवारीत दुसऱ्या असलेल्या रशियाच्या खेळाडूला एकही सेट दिला नाही. २०२४ला पॅरिसलाही तो संघात होता.

आता हिशेबाची बाजू. प्रवीणच्या मागे एक प्राथमिक शिक्षक उभे राहिले. अदितीचे वडील शिक्षक, त्यांनी मुलीसाठी गाव सोडून साताऱ्यात बिऱ्हाड केलं आणि धनुष्याच्या सामानासाठी कर्ज काढलं. मागे जायचं तर गोळेश्वरच्या पैलवान खाशाबा जाधवांपर्यंत जा. १९५२ला हेलसिंकी ऑलिम्पिकला जायला लोकांनी वर्गणी काढली आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण टाकलं, हे आपल्या भागात शाळेतलं पोरही सांगतं. अभिमानानं सांगतं. मला त्यात अभिमानापेक्षा लाज जास्त वाटते. सत्तर वर्षं झाली, या मुलखात सहकार आला, कारखाने आले, बँका, दूध संघ, इंजिनिअरिंग कॉलेजं आली, आणि खेळणाऱ्या पोराची रीत तीच राहिली: पदक जिल्ह्याचं, कर्ज घरच्यांचं.

पदक आल्यावर आपण कमी पडत नाही. उघड्या जीपमधून मिरवणूक, जेसीबीने फुलं, मोठ्या आकाराचा पुठ्ठ्याचा चेक. ते करा, माझी ना नाही. पण जगज्जेत्या मुलीला आपल्या चेकची गरज तेव्हा सगळ्यात कमी असते. गरज असते ती बारा वर्षांची असताना, जेव्हा तिला बाण मारता येईल की नाही हे कुणालाच माहीत नसतं.

तिथे नेमकं काय लागतं ते आता सांगते, कारण आर्चरी म्हटलं की संचालकांच्या डोळ्यासमोर दोन-तीन लाखांचं चाकांचं धनुष्य येतं आणि विषय ‘पुढील सभेत विचारार्थ’ जातो. ते धनुष्य कंपाउंडचं. त्याला दोन्ही टोकांना चाकं असतात, पूर्ण ओढलं की हातावरचा भार बराच उतरतो, नेम धरायला भिंग असतं, दोरी बोटांनी न सोडता रिलीज नावाच्या खटक्याने सोडतात. दुसरं रिकर्व्ह, ऑलिम्पिकचं, टोकं पुढे वळलेली. ते ७० मीटरवरून मारतात आणि ओढलेला सगळा भार सोडेपर्यंत अंगावरच असतो. तिसरं आपलं इंडियन राउंडचं बांबूचं, ज्याला ना भिंग ना साइट. शालेय स्पर्धांमध्ये तिन्ही असतात. बांबूचं धनुष्य काही हजारांत येतं, आणि सुरुवात करायला तेच पुरतं. पहिल्या दिवशी तर तेही लागत नाही.

माझी भाची शिकायला लागली तेव्हा मी बांधावर बसून हे सगळं पाहिलं. आधी डोळा बघतात. दोन्ही तळहात जुळवून मधे छोटी फट ठेवायची, त्यातून लांबची एखादी वस्तू बघायची आणि एकेक डोळा मिटायचा. ज्या डोळ्याला ती वस्तू फटीतच राहते तो नेमाचा डोळा. हात उजवा आणि डोळा डावा असं निघालं तर कोचला तेव्हाच ठरवावं लागतं, नंतर बदलणं फार जड जातं. मग काही आठवडे नुसतं रबर. रबराची पट्टी धरून उभं राहायचं, ओढायची, हात हनुवटीखाली आणून टेकवायचा, थांबायचं, हळू परत आणायची. पोरं कंटाळतात. त्यात दोन-चार गळतात आणि ते बरंच असतं.

त्यानंतर हलकं धनुष्य. सोळा-अठरा पाऊंड, जास्त नाही. इथे बापलोक घाई करतात. शेजारच्या पोराचं तीस पाऊंडाचं, मग आपल्याचं का नाही? पाठीच्या स्नायूंनी ओढायचं असतं, ते तयार नसताना जड धनुष्य दिलं की पोरगं खांद्यातून ओढतं, आणि तो खांदा मग डॉक्टरकडेच जातो. पहिले बाण पाच-दहा मीटरवरून, टार्गेटचा कागद न लावता, कोऱ्या बटावर, म्हणजे कागदामागच्या गठ्ठ्यावर. कागद असला की पोराची नजर गुणांवर जाते आणि हात विसरतो. डाव्या हाताला आर्मगार्ड बांधलेला नसला तर दोरी कोपराच्या आत सणकून बसते आणि निळा वळ उठतो. भाचीला एकदाच बसलं. बाण न लावता दोरी कधीही सोडायची नाही, धनुष्य चिरतं, कधी हातातच फुटतं.

आणि शिट्टी. दोन शिट्ट्या म्हणजे रेषेवर या, एक म्हणजे मारा, तीन म्हणजे बाण काढायला चला. शिट्ट्यांवर शिट्ट्या वाजल्या की जे करताय ते सोडा, बाण भात्यात. बाण काढण्याचीही रीत आहे. बाकीच्यांनी बाजूला व्हायचं, एक तळवा बटावर दाबून धरायचा, दुसऱ्या हाताने बाण बटालगत धरून सरळ मागे ओढायचा, वाकवायचा नाही, मागे कुणी उभं नाही ना ते बघून. नऊ-दहा वर्षांच्या पोरी हे इतक्या शिस्तीत करतात की आपल्या गव्हाणीवर तेवढी शिस्त असती तर निम्मे अपघात टळले असते.

एवढं सांगण्याचं कारण, या सगळ्याला लाखांचं सामान लागत नाही. लागते ती जागा आणि माणूस. या दोन्ही गोष्टी घरच्या बापाला कर्ज काढूनसुद्धा उभ्या करता येत नाहीत. तिथेच कारखान्याचं काम आहे.

जागा किती? साधारण शंभर मीटर लांब, चाळीस मीटर रुंद. चार हजार चौरस मीटर, म्हणजे आपल्या भाषेत एक एकर. सत्तर मीटरचं पूर्ण अंतर त्यात बसतं. मागे मातीचा उंच बांध आणि जाळी मात्र हवीच, त्याशिवाय एक दिवसही सुरू करू नये. मागे उभा ऊस असून चालणार नाही. एक तर उसात माणूस असू शकतो, आणि उसात गेलेला बाण तोडणी येईपर्यंत सापडत नाही, तो सापडतो तेव्हा कोयत्याला. बट भाताच्या पेंढ्याचे दाबून बांधलेलेही चालतात. पाचटाचे गठ्ठे चालतील का, हे आपल्या शेतकी खात्याने एकदा करून बघावं. जाळण्यापेक्षा बरं.

पावसाळ्याचं काय, असं कुणीतरी विचारणारच. चार महिने मैदान बंद. पण इनडोअर आर्चरी १८ मीटरवर असते. जुलै-ऑगस्टमध्ये ज्या गोदामातली पोती हललेली असतात, त्याचा एक मोकळा गाळा, शेवटच्या भिंतीला जाळी आणि बट, एवढ्यावर पावसाळा निघतो. कीपर कुरकुर करेल. त्याला पहिल्या दिवशी दोन बाण मारायला द्या.

माणूस जास्त अवघड. एनआयएसचा डिप्लोमा केलेला कोच हवा, पूर्णवेळ, पगारावर. मानधनावर नको, मानधन हा शब्द आपल्याकडे ‘मिळाले तर मिळाले’ अशा अर्थाने वापरतात. आणि जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांशी आणि आर्चरी संघटनेशी बोलून पोरांची नोंदणी पहिल्याच वर्षी व्हावी. १४, १७ आणि १९ वर्षांखालील शालेय स्पर्धा तालुक्यापासून राज्यापर्यंत जातात. ज्या पोराच्या शाळेला हे माहीत नसतं त्याचा नेम कितीही चांगला असला तरी त्याला कुणी विचारत नाही.

कारखान्यानं खेळात पडावं का, असा प्रश्न ज्यांना पडेल त्यांना दोन उदाहरणं. जमशेदपूरला टाटांनी १९९६ साली आर्चरी अकॅडमी काढली. रांचीजवळच्या रिक्षाचालकाची मुलगी दीपिका कुमारी २००६ला तिथे गेली आणि पुढे जगात पहिल्या क्रमांकावर पोहोचली. दुसरं कोरिया. त्यांच्या महिला संघाने १९८८पासून २०२४पर्यंत एकही ऑलिम्पिक सांघिक सुवर्ण दुसऱ्याला दिलेलं नाही, सलग दहा. तिथे पोरं प्राथमिक शाळेतच धनुष्य धरतात, आणि तिथल्या आर्चरी संघटनेमागे १९८५पासून ह्युंदाई उभी आहे, एका पदकापुरती नाही, चाळीस वर्षं. लोखंड करणाऱ्याला आणि गाड्या करणाऱ्याला जे जमलं ते साखर करणाऱ्याला जमू नये असं त्यात काही नाही.

आपल्याला तर सवयही आहे. कुस्तीला आपण आधार दिलाच. कुंडलचं मैदान भरतं तेव्हा सगळा कृष्णाकाठ लोटतो. सांगलीला बळाचे खेळ कुणी शिकवायला नकोत. कवठेपिरानच्या मारुती मानेंनी १९६२च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत सुवर्ण आणलं, संकेत सरगरने २०२२ला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत वेटलिफ्टिंगमध्ये रौप्य, आटपाडी तालुक्यातल्या करगणीच्या सचिन खिलारीने २०२४ला पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये गोळाफेकीत रौप्य. पण तालमीत जायला अंगाने बरं पोरगं लागतं, आणि खुराक लागतो. वर्गात जो किडकिडा, मागच्या बाकावरचा, कबड्डीत कुणी न घेतलेला असतो, त्याला या खेळात जागा आहे. आणि पोरींना आहे, हे तर बर्लिनहून कळलंच. जत, आटपाडी, माण, खटाव इथली कितीतरी पोरं तर ऊसही न पिकणाऱ्या गावांतली. त्यांच्यासाठी कारखान्याच्या आश्रमशाळेच्या किंवा हायस्कूलच्या वसतिगृहात दहा-बारा जागा राखल्या तर हा खेळ खऱ्या अर्थाने तिथवर जाईल.

पालकांनाही याच पत्रातून एक सांगते, सभेत निम्मे पालकच असतात. चौथीतल्या पोराला थेट कंपाउंड घेऊन देऊ नका. त्यात गुण लवकर दिसतात म्हणून मोह होतो. ऑलिम्पिकमध्ये कंपाउंड आजवर कधीच नव्हतं. अदिती आणि ओजस जगज्जेते असूनही पॅरिसला जाऊ शकले नाहीत ते त्यामुळे. २०२८च्या लॉस एंजेलिसला कंपाउंड पहिल्यांदा येतंय, तेही केवळ मिश्र दुहेरीत. ती जागा मिळाली तर आनंदच आहे, पण देशातून जाणार एक मुलगा आणि एक मुलगी. कोणतं धनुष्य हे पोराच्या अंगावरून, डोळ्यावरून आणि कोचच्या सांगण्यावरून ठरू द्या. दोन वर्षं बांबूवर काढली म्हणून कुणाचं नुकसान झालेलं मी पाहिलेलं नाही. आणि पोराला पदक मिळालंच पाहिजे असंही नाही. भाची तालुक्याच्या पुढे गेलेली नाही. रोज संध्याकाळी मात्र जाते, आणि घरात फोन मागणं कमी झालंय.

एक अडचण मलाच माहीत आहे. बरेच कारखाने स्वतःच कर्जात आहेत, मी ताळेबंद वाचते, मागची पानंसुद्धा. ज्या कारखान्याने मागच्या हंगामातलं बिल थकवलंय त्याने आर्चरीचं नाव काढू नये. आधी उसाचं बिल, मग बाण. हे पत्र त्यांच्यासाठी नाही. ज्यांचं देणं चुकतं झालंय आणि ज्यांच्याकडे गेटसमोर पडीक एकर आहे, ज्यात दरवर्षी फक्त सभेचा मंडप पडतो, त्यांच्यासाठी आहे. मंडप एक दिवसाचा, उरलेल्या ३६४ दिवसांचं बघा.

करायचं ठरलं तर तीन गोष्टी करू नका. मैदानाला कुणाचं नाव देण्यावरून वर्ष घालवू नका, पाटी कोरी ठेवली तरी बाण जातो. पहिल्याच वर्षी ‘राष्ट्रीय दर्जाची स्पर्धा’ भरवू नका, मंडपात पैसे जातील आणि बट विकत घ्यायला उरणार नाहीत. आणि कोच निवडताना आपल्या पाहुण्यारावळ्यांतला बघू नका. साताऱ्यात ज्यांनी दोन जगज्जेते घडवलेत ते आपल्याच जिल्ह्यात आहेत, त्यांना एकदा बोलवा, आणि बोलवून हार घालण्याऐवजी मैदानावर नेऊन बांध कुठल्या बाजूला घालायचा ते विचारा. सूर्य टार्गेटच्या मागे येणार नाही अशी दिशा धरावी लागते, उत्तर-दक्षिण. हे सिव्हिल इंजिनिअरला सुचत नाही, मला वाटतं पोलीस खात्यातल्या त्या माणसाला सुचेल.

आमच्या कारखान्याची सभा सप्टेंबरमध्ये आहे. अहवाल छापायला जाण्याआधी हा विषय क्रमांक टाकून, शेवटच्या आधीच्या जागेवर घ्यावा, म्हणजे जेवणाच्या आधी येईल. सूचक म्हणून माझं नाव घालायला हरकत नाही. अनुमोदक शोधून ठेवला आहे. मी उभी राहून बोलेन, माईक मागच्या बाजूला पाठवण्याची तेवढी व्यवस्था व्हावी.



आपली,
एक ऊस उत्पादक सभासद,
कृष्णाकाठ